खान्देशच्या चारही खासदारांना खुलं पत्र: सिकलसेलच्या संशोधनाचा पैसा एकत्र मागा

स्मिताताई, रक्षाताई, डॉ. शोभाताई आणि गोवालदादा, चौघांनाही रामराम.

चौघांना मिळून एकच पत्र लिहितोय त्याचं कारण असं की वेगवेगळं लिहिलं तर दोन ठिकाणून उत्तर येणार "हा राज्याचा विषय आहे, तिकडे बोला" आणि दोन ठिकाणून येणार "आम्ही विरोधात बसतो, आमचं कोण ऐकतं". २०२४ ला खान्देशाने जळगाव-रावेर भाजपला दिलं, धुळे-नंदुरबार काँग्रेसला दिलं, म्हणजे बरोबर निम्मं-निम्मं. लोकांना वाटलं आता नुसती भांडणं होतील. मला वाटतं की दिल्लीत एखाद्या गोष्टीसाठी पैसा मागायचा असेल तर यापेक्षा चांगली जुळणी मिळणार नाही, फक्त चौघांनी एका कागदावर सही करायची तयारी पाहिजे.

मी शहाद्याकडचा लॅबवाला. सीबीसी (रक्तातल्या पेशींची मोजणी), शुगर, लघवी, डेंग्यू, हे रोजचं काम. पण सातपुड्याच्या पायथ्याशी लॅब टाकली की सिकलसेल, म्हणजे आईबापांकडून लेकरात येणारा रक्ताचा आजार ज्यात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, तो आपोआप रोजच्या कामात येतो. धडगाव, अक्कलकुवा, मोलगी, तळोदा, इकडून लेकरू येतं, हातपाय सुजलेले, डोळे पिवळे, हिमोग्लोबिन ५-६, आणि आईबाप सांगतात की याला नेहमीच असं होतं. सोल्युबिलिटी टेस्ट करायची, ट्यूबच्या मागे रेघा मारलेला कागद धरायचा, रेघा दिसल्या तर निगेटिव्ह, पाणी गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर पॉझिटिव्ह. एवढी साधी टेस्ट. पण ही टेस्ट फक्त सिकलचं हिमोग्लोबिन आहे एवढंच सांगते, पोरगं नुसतं वाहक आहे (आईबापांपैकी एकाकडूनच दोष आलेला, स्वतः धडधाकट) की खरं रुग्ण ते सांगत नाही, त्याला एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस ही हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी मोठी टेस्ट लागते. सहा महिन्यांच्या आतल्या बाळात तर ती फसतेच, कारण बाळाच्या रक्तात आईच्या पोटातलं हिमोग्लोबिन अजून भरपूर असतं. नुकतं रक्त चढवलेल्या पेशंटमध्येही फसते. हे सगळं सांगतोय ते एवढ्यासाठी की "तपासणी झाली" हे वाक्य तुमच्या भाषणात जितकं पक्कं वाटतं तितकं ते आमच्या टेबलावर नसतं.

आता मुद्द्याचं. १ जुलै २०२३ ला पंतप्रधानांनी मध्य प्रदेशात शहडोलला राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मिशन सुरू केलं, १७ राज्यं, ० ते ४० वयाच्या ७ कोटी लोकांची तपासणी, २०४७ पर्यंत आजार संपवायचा. चांगलं काम आहे, मी कोणाचाही भक्त नाही पण चांगल्याला चांगलं म्हणायला काय जातं. आतापर्यंत देशात ६ कोटींच्या वर तपासण्या झाल्या, २ लाखांच्या वर रुग्ण सापडले. आणि लगेच आपल्याकडे वाद सुरू, एक बाजू म्हणते हे मोदींनी आणलं, दुसरी म्हणते राज्याचा सिकलसेल कार्यक्रम तर आमच्या काळापासून चालू होता, मग फ्लेक्सवर कोणाचा फोटो आणि शिबिराला कोणाला बोलावलं नाही यावर आठवडाभर फेसबुकवर मारामारी.

त्या मारामारीत एक गोष्ट कोणीच काढली नाही, ना सत्तेवाल्यांनी ना विरोधकांनी. फेब्रुवारी २०२३ च्या ज्या बजेटमध्ये या मिशनची घोषणा झाली, त्याच बजेटमध्ये आरोग्य संशोधन विभागाचा पैसा कमी झाला. आरोग्य संशोधन विभाग म्हणजे ज्याच्या खाली आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, येतं तो. २०२२-२३ च्या बजेटला सुमारे ३,२०० कोटी होते, २०२३-२४ ला २,९८० कोटी. पुढच्या वर्षी सुमारे ३,००२, म्हणजे वाढ २२ कोटींची, आणि तरीही दोन वर्षांपूर्वीपेक्षा कमीच. २०२५-२६ ला ३,९०० कोटींवर नेलं, ही चांगली वाढ, नाकारत नाही. पण त्या वर्षी आरोग्य मंत्रालयाचे एकूण ९९,८५८ कोटी आणि त्यातले हे ३,९००, म्हणजे शंभरातले चार रुपयेसुद्धा पुरे नाहीत. त्या चार रुपयांत कॅन्सर आहे, टीबी आहे, व्हायरस आहेत, सगळंच आहे. आपल्या सिकलसेलच्या वाट्याला काय येत असेल ते तुम्हीच काढा.

शोभाताई, गोवालदादा, हे वाचून लगेच पोस्ट टाकू नका. आरोग्य संशोधन विभाग २००७ ला काँग्रेसच्याच सरकारने काढला, बरोबर, पण देशाचा सगळ्या प्रकारच्या संशोधनावरचा खर्च जीडीपीच्या १ टक्क्यापर्यंत तुमच्याही काळात कधी पोचला नाही आणि २०२०-२१ ला तो ०.६४ टक्क्यावर होता. आणि २०१७ च्या आरोग्य धोरणात लिहिलं होतं की २०२५ पर्यंत सरकारी आरोग्य खर्च जीडीपीच्या २.५ टक्के करू, २०२१-२२ चा हिशोब १.८४ टक्के. याच धोरणात राज्यांनी आपल्या बजेटचे ८ टक्के आरोग्यावर घालावेत असंही आहे, ते तर कोणत्याच पक्षाच्या पुढाऱ्याच्या तोंडून ऐकलेलं मला आठवत नाही. म्हणजे केंद्र म्हणतं आरोग्य राज्याचं, राज्य म्हणतं मिशन केंद्राचं, आणि आमच्याकडे आलेला एक म्हातारा तपासणीनंतर मिळालेलं सिकलसेलचं रंगीत कार्ड दाखवून मला म्हणतो, "भाऊ, कार्ड ते दिधं, आते गोया कोन दी?"

गोळ्या म्हणजे हायड्रॉक्सियुरिया. या गोळीची गोष्ट तुम्ही ऐकाच, कारण माझं सगळं म्हणणं तिच्यातच आहे.

ही मूळची कॅन्सरची गोळी. जुनी, स्वस्त, कुठल्या कंपनीला तिच्यात फारसा रस असण्याचं कारण नव्हतं. ती सिकलसेलवर चालते का हे तपासायला अमेरिकेच्या सरकारी संस्थेने, एनआयएचने, पैसा घातला, २९९ मोठ्या माणसांवर ट्रायल झाली, आणि १९९५ ला निकाल आला की दुखण्याचे झटके जवळपास निम्मे होतात. १९९८ ला तिकडे मान्यता मिळाली. आज मोलगीच्या पोराला जी कॅप्सूल मिळते (मिळते तेव्हा) ती त्या सरकारी पैशामुळे. त्याच्या आधी १९८६ ला अजून एक सरकारी खर्चाची ट्रायल झाली, सिकलसेलच्या लहान लेकरांना रोज नुसतं पेनिसिलिन द्यायचं. पेनिसिलिन! न्यूमोकोकस नावाच्या जंतूची जीवघेणी इन्फेक्शन्स ८४ टक्क्यांनी कमी झाली, ट्रायल वेळेआधी थांबवावी लागली कारण बाकीच्या लेकरांना औषध न देणं बरोबर राहिलं नसतं. त्यावरूनच तिकडे प्रत्येक बाळाची जन्मल्या जन्मल्या तपासणी करायचं धोरण आलं.

आणि हा पैसा आला कसा तर राजकारणातून. तिकडे सिकलसेल हा काळ्या लोकांचा आजार, त्यामुळे कित्येक वर्षं कोणी विचारत नव्हतं. मग त्या समाजाने आवाज केला, ब्लॅक पँथर या काळ्या लोकांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेने स्वतः वस्त्यांमध्ये तपासण्या सुरू केल्या, १९७१ ला निक्सन यांनी सिकलसेलचा निधी पाचपट करून ६० लाख डॉलर करायचं जाहीर केलं आणि १९७२ ला कायदा झाला. निक्सन रिपब्लिकन, संसद डेमोक्रॅट लोकांच्या हातात. दोघांनाही त्या मतांची गरज होती म्हणून झालं असेल, मला त्याचं काही वाईट वाटत नाही, मतांसाठी का होईना, ट्रायल तर झाल्या. त्यात वाईटही झालं, काही राज्यांनी तपासणी सक्तीची केली आणि नुसते वाहक असलेल्या धडधाकट माणसांना नोकऱ्या आणि विमा नाकारला गेला. आपल्याकडे कार्डाच्या रंगावरून सोयरीक मोडल्याचं मी ऐकतो तेव्हा मला हेच आठवतं. जोडप्यात दोघेही वाहक असले तर प्रत्येक बाळंतपणात २५ टक्के धोका, एकच वाहक असेल आणि दुसऱ्यात दोषच नसेल तर रुग्ण बाळ होत नाही, हे समजावून सांगणारा माणूस नसला की कार्ड नुसतं डाग होऊन बसतं, आणि तो माणूस नेमायला लागणारा पगार कुठल्याच शिबिराच्या फ्लेक्सवर दिसत नाही.

बरं तीच अमेरिका आता काय करते तेही बघा. २०२५ ला ट्रम्प सरकारने एनआयएचचं जवळपास ४,७०० कोटी डॉलरचं बजेट साधारण ४० टक्के कापायचा प्रस्ताव ठेवला, त्याच्या आधी फेब्रुवारीत संशोधन संस्थांना मिळणारा वरखर्च १५ टक्क्यांवर आणायचा हुकूम काढला, तो कोर्टाने अडवला. पण मला तुम्हाला दाखवायचं आहे ते जुलैतलं. तिथल्या सिनेटच्या समितीत दोन्ही पक्षांनी मिळून २६ विरुद्ध ३ मतांनी तो कट बाजूला ठेवला आणि उलट ४० कोटी डॉलर वाढवून दिले. ट्रम्पच्याच पक्षाचे लोक त्यात होते. आपल्याकडे पक्षाच्या ओळीबाहेर जाऊन मत देता येत नाही, व्हिप असतो, ते मला समजतं, पण एकत्र पत्र द्यायला कुठला व्हिप आडवा येतो?

आपल्याकडेही ओरडलं की ऐकतात याचा पुरावा फार लांबचा नाही. २०२४ ला संशोधनाच्या ग्रँटवर जीएसटी मागणाऱ्या नोटिसा निघाल्या, एकट्या आयआयटी दिल्लीला १२० कोटींची. सरकारच संशोधनाला पैसा देणार आणि सरकारच त्यावर टॅक्स लावणार, असला प्रकार. आरडाओरडा झाला, सप्टेंबरमध्ये जीएसटी कौन्सिलने सूट दिली. मोठ्या संस्थांना आवाज असतो म्हणून झालं ते. धडगावच्या लेकरांचा आवाज म्हणजे तुम्ही चौघं.

कोणीतरी म्हणेल की संशोधनाला तर सरकारने १ लाख कोटींचा नवा फंड काढलाय. काढलाय, २०२५ ला, वाचलं मी. पण तो मुख्यतः खासगी कंपन्यांना कमी व्याजाचं लांब मुदतीचं कर्ज द्यायला आहे. संशोधनाला पैसा देणाऱ्या केंद्राच्या अनुसंधान फाउंडेशनचे ५० हजार कोटी आहेत, त्यातलाही मोठा हिस्सा खासगीतून येईल असं धरलेलं आहे. आता मला सांगा, तोरणमाळच्या पोरांना हायड्रॉक्सियुरियाचा किती डोस पुरतो हे शोधायला कुठली कंपनी कर्ज काढेल? गोळी स्वस्त, पेशंट गरीब, नफा शून्य. असल्या कामाला सरकारचाच पैसा लागतो, दुसरा मार्ग नाही.

आणि डोसचा प्रश्न मी उगाच काढत नाही. आपल्याकडचा सिकलसेल आफ्रिकेतल्यासारखा तंतोतंत नाही, आपल्यात अरब-इंडियन म्हणतात तो प्रकार, बाळपणीचं हिमोग्लोबिन जास्त टिकतं, म्हणून बरीच वर्षं सगळे म्हणायचे की भारतात हा आजार सौम्य असतो. आमच्या इथे येणारी काही लेकरं बघितली की सौम्य म्हणवत नाही. मग ती का बिघडतात? मलेरियामुळे, कुपोषणामुळे, की उशिरा सापडल्यामुळे? ही गोळी पांढऱ्या पेशी कमी करते म्हणून मधूनमधून सीबीसी करावं लागतं, आणि आमची अर्धी वस्ती दिवाळीनंतर ऊसतोडीला, मजुरीला गुजरातकडे जाते, होळीला परत येते. चार-पाच महिने गोळी कोण देतं, सीबीसी कोण करतं, त्या काळात पोरगं गेलं तर ते कुठल्या रजिस्टरमध्ये लागतं? हे संशोधनच आहे. याला मोठी मशीन नको, गावातून फिरणारी पगारी माणसं हवीत आणि पाच-दहा वर्षं न थांबता येणारा पैसा हवा. तीन वर्षांचा प्रोजेक्ट संपला की पोरं-पोरी कंत्राटावरून घरी आणि फायली कपाटात, हे नको.

जळगाववाल्यांना हे समजावायची गरजच नाही खरं तर. टिश्यू कल्चरची केळी आधी कोणीतरी प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं बसून केली तेव्हाच रावेर-यावलच्या शेतात एकसारखे घड आले, आज तिकडे रोपावर रोग आला तर शेतकरी पहिलं विचारतो "शास्त्रज्ञ कधी येतील?" केळीच्या खोडासाठी हे विचारता येतं तर पोराच्या हाडांसाठी विचारायला काय हरकत आहे.

एक गोष्ट जरा कडू आहे पण लिहितोच. आमच्याकडून रक्त जातं, कागद परत येत नाही. मागे एका मोठ्या संस्थेची टीम (नाव घेत नाही) वरच्या पाड्यांवर येऊन सॅम्पल घेऊन गेली, फॉर्मवर अंगठे घेतले, फॉर्म मराठीत आणि लोकं बोलतात पावरी. रिपोर्ट देऊ म्हणाले. अजून लोकं मला विचारतात की त्या रक्ताचं काय झालं. तेव्हा पैसा मागताना हेही मागा की संमती लोकांच्या बोलीत घ्या आणि निकाल आधी त्या पाड्यात सांगा, मग परिषदेत. नाहीतर पुढच्या वेळी टीम चांदसैली घाट चढून जाईल आणि वर कोणी हातच पुढे करणार नाही.

मग नेमकं काय मागायचं? डिसेंबर २०२२ ला आयसीएमआरचं हिमोग्लोबिनच्या आजारांचं केंद्र चंद्रपूरला सुरू झालं, विदर्भाला मिळालं, आनंद आहे. डहाणूला आयसीएमआरचं ग्रामीण संशोधन युनिट आहे. चंद्रपूर महाराष्ट्राच्या एका टोकाला आणि नंदुरबार दुसऱ्या टोकाला, मधल्या अंतरात कितीतरी जिल्हे येतात. तसंच केंद्र नंदुरबारला मागा, नंदुरबारचं सरकारी मेडिकल कॉलेज २०२० पासून आहे, धुळ्याचं तर त्याच्या खूप आधीपासून आहे, जळगावचं २०१८ पासून. तिन्ही कॉलेजं जोडून एक सिकलसेल रजिस्टर करता येईल जे गुजरातमधल्या दवाखान्यातही उघडेल. जळगावला मेडिकल हबची घोषणा झालेली आहेच, त्यात नुसत्या सीटा आणि इमारती नकोत, थोडी संशोधनाची पदंही भरा. इमारतीला नारळ फोडता येतो, पदाला फोडता येत नाही, हा त्रास मला कळतो.

रक्षाताई, तुम्ही केंद्रात राज्यमंत्री आहात, मंत्र्याला लोकसभेत प्रश्न टाकता येत नाही, पण आरोग्यमंत्र्यांच्या केबिनमध्ये तुम्हाला थेट जाता येतं, ते बाकी तिघांना तितकं सोपं नाही. स्मिताताई, सत्तेतल्या पक्षाच्या खासदाराने बजेटवर कमी पडलं म्हणून बोललं की त्याचं वजन वेगळं असतं. शोभाताई, तुम्ही स्वतः डॉक्टर, तुम्ही हा तारांकित प्रश्न टाका: सापडलेल्या २ लाख रुग्णांपैकी किती जण एका वर्षानंतरही हायड्रॉक्सियुरिया घेत आहेत, जिल्हावार सांगा. तपासण्यांचा आकडा सगळेच सांगतात, हा आकडा मागितला की खरं काय ते बाहेर येईल, किंवा असा आकडाच ठेवलेला नाही हे तरी बाहेर येईल, दोन्हीत फायदाच. गोवालदादा, तुमचा मतदारसंघ, जिल्ह्यातल्या केंद्राच्या योजनांवर लक्ष ठेवणाऱ्या दिशा समितीच्या बैठकीला अध्यक्षाच्या खुर्चीत तुम्ही बसता, तिथे एचपीएलसीचं मशीन किती दिवस बंद होतं आणि रीएजंट (टेस्टचं रसायन) किती दिवस नव्हतं हे महिन्यामहिन्याने लिहून मागा, उद्घाटनाची तारीख नको.

आणि ते बिरसा १०१. नोव्हेंबर २०२५ ला दिल्लीच्या आयजीआयबी या सरकारी संशोधन संस्थेने देशी क्रिस्पर, म्हणजे जनुकातलाच दोष दुरुस्त करणारा, उपचार जाहीर केला, सिकलसेलवर, बिरसा मुंडांच्या नावाने. अमेरिकेत २०२३ ला मान्यता मिळालेल्या अशाच उपचाराची किंमत २२ लाख डॉलर आहे, म्हणजे १८ कोटींच्या वर, त्यामुळे आपला स्वस्तातला उपचार आला तर सोन्याहून पिवळं. सरकारी लॅबमध्ये, सरकारी पैशाने झालेलं काम आहे, याचा अभिमान वाटतो मला. पण तो उपचार घ्यायला आधी पोरगं जगायला पाहिजे ना, त्याची बाळपणी तपासणी व्हायला पाहिजे, पेनिसिलिन मिळायला पाहिजे, तो मोठा होईपर्यंत रजिस्टरमध्ये राहायला पाहिजे. उद्या ट्रायलला पेशंट शोधतील तेव्हा नंदुरबारचं रजिस्टर तयार असेल तर आपली पोरं आधी बसतील, नसेल तर दुसऱ्या जिल्ह्याची बसतील.

बजेटची तयारी दिल्लीत ऑक्टोबरपासूनच सुरू होते, फेब्रुवारीत भाषण झाल्यावर बोलून काही उपयोग नाही. म्हणून दिवाळीच्या आधी चौघांचं एक पत्र आरोग्यमंत्र्यांना आणि त्याची एक प्रत राज्याच्या वैद्यकीय शिक्षण मंत्र्यांना गेली पाहिजे. मजकूर लिहायला मदत लागली तर आमच्याकडे पाड्यांवर फिरणाऱ्या आशाताई आहेत, आश्रमशाळेचे मास्तर आहेत, तिन्ही कॉलेजांमध्ये तळमळीचे डॉक्टर आहेत, मीही आहे. श्रेय कोणाचं यावर भांडायचंच असेल तर पत्रावर नावं आडनावाच्या क्रमाने टाका, खडसे, पाडवी, बच्छाव, वाघ. कोणाची तक्रार राहणार नाही.

आपला,
शहाद्याकडचा एक लॅबवाला